‘उपसा’ : शब्द आणि मर्यादा

सांठा रिकामा होत जाण्याची क्रिया सांगणारा ‘उपसा’ हा मराठींतला जुना व रोजच्या वापरांतला शब्द आहे. जें खोलवर सांचलेलें असेल तें बाहेर काढणें म्हणजे उपसणें. लोक विहिरीचा गाळ उपसतात, नदीची वाळू उपसतात. योद्धा म्यानांतून तलवार उपसतो, आणि गरीब मनुष्य जन्मभर कष्ट उपसतो. या सर्व प्रयोगांत काढणें आहे. परत भरण्याची कल्पना मात्र कोठेंच नाहीं.

मोटेच्या काळीं ही उणीव कोणास फारशी जाणवली नाहीं. बैलांची जोडी धावेवरून उतरे आणि मोट थारोळ्यांत रिती होई. विहीर तळ दाखवूं लागली कीं बैल सोडावे लागत. रात्रभर झरे पाझरून पाणी पुन्हां चढे. बैलांचा दम आणि झऱ्यांचा वेग हीच उपशाची मर्यादा होती. विजेचा पंप व कूपनलिका आल्यावर ती सुटली. खोल खडकांत वर्षानुवर्षें मुरलेलें पाणी एका रात्रींत भरून येत नाहीं. रोजच्या मिळकतीवर चालणाऱ्या घरानें गंगाजळीस हात घालावा, तसाच हा प्रकार झाला. शब्द तोच राहिला. त्यामागची वस्तुस्थिति पालटली.

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें पर्जन्यछायेंतलें गांव. १९७२ च्या दुष्काळानंतर येथील अनेक कुटुंबें पोटासाठीं बाहेर पडलीं. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढें गांव आदर्श गांव योजनेंत आलें. ग्रामस्थांनीं डोंगरउतारावर समतल चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. विहिरींना पाणी चढलें. खरी कसोटी त्यानंतरची होती. कारण पाणी दिसलें कीं तें उपसण्याचा मोह होतोच. शेताला बांध असतो, भूजलाला नसतो; एकाचा खोल उपसा शेजाऱ्याची विहीर कोरडी करतो.

म्हणून ग्रामसभेनें शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास बंदी केली, आणि ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना फांटा दिला. गांव पाण्याचा ताळेबंदहि मांडूं लागलें. पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी पाहावयाची, माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचें पाणी प्रथम बाजूस काढावयाचें, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचें कोणतें पीक किती घ्यावयाचें तें सभेंत ठरवावयाचें, अशी ही रीत आहे. पाऊस कमी पडला कीं पिकांना कात्री लागते. स्वतःच्या विहिरींत पाणी दिसत असतां हात आवरणें शेतकऱ्यास सोपें नसतें. परंतु तो निर्णय सर्वांसमक्ष झालेला असतो.

अशा रीतीनें ‘उपसा’ हा शब्द तेथें खर्चाच्या रकान्यांत बसला, आणि शेजारीं पावसाच्या जमेचा रकाना आला. बैलांच्या दमानें पूर्वीं जी मर्यादा आपोआप घातली होती, ती आतां माणसांना एकत्र बसून घालावी लागते. ती पाळली गेली म्हणूनच गांव सोडून गेलेलीं कित्येक कुटुंबें आपल्या शेतांवर परतूं शकलीं.