कवडीचे मोल

दिवेआगर म्हटले की सोने आठवते. १९९७ साली तेथे जमिनीखाली सोन्याचा गणेश-मुखवटा सापडला. २०१२ मध्ये तो दरोड्यात गेला. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत गणला जाणारा शके ९८२ (इ. स. १०६०) चा ताम्रपटही याच गावचा. सोन्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांला सांगायचे आहे ते याच अरबी समुद्रावरून हिंडलेल्या गरिबाच्या नाण्याविषयी, कवडीविषयी.

कवडी म्हणजे एका लहानशा सागरी गोगलगायीचे घर. हा जीव आपल्या मऊ अंगाची झूल शिंपल्यावर पांघरतो, म्हणूनच ती चकाकी. चलनातली पिवळसर कवडी मुख्यत्वे मालदीवची. तेथे उथळ पाण्यात माडाच्या झावळ्या टाकीत. त्यांना चिकटलेल्या कवड्या काढून, मांस कुजेपर्यंत वाळूत पुरून ठेवीत. चौदाव्या शतकात तेथे राहिलेला इब्न बतूता सांगतो की, एका सुवर्ण दिनाराला चार लाख, कधी बारा लाखही कवड्या मिळत. आपल्या ‘कवडीमोल’ शब्दाचा अर्थ याहून स्पष्ट काय सांगावा!

पण हेच कवडीमोल नाणे दूरदेशी भयंकर महाग पडले, आणि तेथे आपला संबंध येतो. दिवेआगरच्या उत्तरेस चौल-रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होते. कोर्लईचे कॅथलिक बांधव आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. त्याच पोर्तुगिजांच्या आश्रयाला आलेला मालदीवचा सुलतान हसन नववा १५५२ साली कोचीनला बाप्तिस्मा घेऊन दोम मान्युएल झाला. धर्मांतराची ही कथा आपल्याकडे कौतुकाने सांगता येईल. तथापि त्याच काळात पोर्तुगीज गलबतांच्या तळाशी नीरम म्हणून भरलेल्या कवड्या लिस्बनला जात, तेथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. पुढे डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी हा धंदा कितीतरी वाढविला, हे खरे. परंतु वाट पाडणारे जपमाळ हाती धरणारेच होते. हे लिहिताना लेखणी अडखळते, पण आपला इतिहास आपणच लिहावयाचा तर हे पान फाडून चालणार नाही.

परमगुरू सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध केला. फार उशिरा, असे आमचे मत. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल सेनेगलच्या गोरे बेटावर, गुलामांना कोंडल्या जाणाऱ्या घरात उभे राहिले आणि ख्रिस्ती माणसांच्या या पापाबद्दल त्यांनी क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेत कोचीन-गोव्याहून कवड्या भरून निघालेली जहाजेही आली, असे आम्ही धरून चालतो.