वजन आधी की पीसीओएस आधी?

पीसीओएसचं निदान झालं की बऱ्याच मुली विचारतात, "डॉक्टर, वजन वाढलं म्हणून हे झालं, की हे झालं म्हणून वजन वाढलं?" प्रश्न अगदी योग्य आहे. वैद्यकशास्त्रही त्यावर बराच काळ चाचपडत होतं.

1721 साली इटलीतल्या वॅलिस्नेरी या वैद्याने एका तरुण, विवाहित शेतकरी बाईचं वर्णन लिहून ठेवलं. ती थोडी स्थूल होती, मूल होत नव्हतं आणि तिची अंडाशयं कबुतराच्या अंड्यांसारखी पांढरट, मोठी होती. बरोबर 200 वर्षांनी, 1921 मध्ये, पॅरिसच्या अशार आणि तिएर या डॉक्टरांनी 'दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह' असं काहीसं क्रूर नाव देऊन चेहऱ्यावरचे केस आणि रक्तातली साखर यांची सांगड घातली. पण साखरेचा हा धागा पुढे जवळजवळ 60 वर्षं कोणी नीट धरला नाही.

कारण 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांचा लेख आला आणि सगळ्यांचं लक्ष अंडाशयाकडे गेलं. त्यांच्या लेखात 7 स्त्रिया होत्या. पाळी बंद, अंडाशयं मोठी. अंडाशयाचं आवरण जाड झाल्यामुळे बीज बाहेर पडत नाही, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी ऑपरेशन करून अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस राहिले. या सातपैकी काही स्थूल होत्या, सगळ्या नव्हत्या. तरीही पाठ्यपुस्तकांत पुढे जी 'ठरावीक रुग्ण' स्थिरावली ती लठ्ठ, अंगावर केस असलेली आणि मूल न होणारी बाई. बारीक बाई त्या चित्रात बसेना.

चित्र बदललं ते इन्शुलिनमुळे. 1980 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रियांच्या रक्तातलं इन्शुलिन, तितक्याच स्थूल पण पीसीओएस नसलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त असतं. 1989 मध्ये आंद्रेया ड्यूनायफ आणि सहकाऱ्यांनी बारीक स्त्रियाही तपासल्या आणि त्यांच्यातही इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सापडली. म्हणजे हा दोष नुसत्या चरबीचा नव्हता; चरबी त्यात भर घालते. स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत म्हणून शरीर ते जास्त बनवतं. अंडाशय मात्र त्याचं ऐकतं आणि पुरुषी हार्मोन्स वाढवतं. त्यामुळे बीज पूर्ण वाढून फुटत नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या 'गाठी' म्हणजे हीच अर्धवट वाढलेली बीजं. या गाठी कॅन्सरच्या नव्हेत, हे दरवेळी सांगावं लागतं!

1990 आणि 2003 मध्ये निदानाचे निकष ठरले. त्या दोन्हींत वजनाचा उल्लेखही नाही.

मग वजनाचा संबंध किती? आहेच, आणि चांगला घट्ट आहे. वजन वाढण्याकडे कल असणारी जनुकं पीसीओएसचा धोकाही वाढवतात, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसतं. 1992 मध्ये लंडनच्या एका अभ्यासात 5 टक्क्यांहून अधिक वजन उतरलेल्या बहुतेक स्त्रियांची पाळी सुधारली. 80 किलोच्या बाईसाठी हे फक्त 4 किलो झाले. म्हणून "आधी 20 किलो कमी करा, मग या" हा सल्ला मला पटत नाही. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने तर डॉक्टरांनाच बजावलं आहे की वजनावरून बाईला कमीपणा वाटेल असं वागू नका.

दुसरीकडे, "तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओएस?" हेही तितकंच चुकीचं, आणि आपल्याकडे तर जास्तच. 2004 मध्ये पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ब्रिटिश सहकारी युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. दोघेही पुरुष, पण मुद्दा आपल्या बायकांनाही लागू आहे. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा 25 ऐवजी 23 बीएमआय धरतात.

पीसीओएस असेल तर वय आणि वजन काहीही असो, निदानाच्या वेळी साखर तपासून घ्यावी. शक्यतो ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी. पुढे धोक्यानुसार दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करावी.