ओस्वेगोचा चहा

अंगणातल्या लाल फुलांचा फोटो पाहून आत्याने विचारलं, "हे कसलं गं, विस्कटलेल्या गोंड्यासारखं?" उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

इथे न्यूयॉर्क राज्यात रोपवाटिकेत त्याला 'बी बाम' म्हणतात. (यातली 'बी' म्हणजे मधमाशी, बियाणं नव्हे!) कूळ तुळस-पुदिन्याचं, त्यामुळे खोड चौकोनी आणि पानालाही वास. पान चुरडलं की आधी संत्र्याची साल आठवते, मग पुदिना, आणि मला तर थोडा ओवासुद्धा. ओल धरणारी जमीन आणि निदान अर्धा दिवस ऊन, एवढीच त्याची मागणी. दाटी झाली की पानांवर भुरी पडते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी खणून मुळं सुटी करून लावायची. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि वसंतात त्याच मुळांतून पुन्हा फुटतं. जुलैत फुलं आली की हमिंगबर्ड हजर! हा पक्षी आपल्याकडे नाही. आपला शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितो, हा जेमतेम तीन ग्रॅमचा जीव हवेतच थांबून पितो.

खरी गंमत नावांत आहे. शास्त्रीय नाव मोनार्डा डिडिमा. हे नाव आलं सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांच्यावरून. त्यांनी सोळाव्या शतकात अमेरिकेतल्या औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. स्वतः मात्र अमेरिकेत कधी पाऊल ठेवलं नाही.

दुसरं जुनं नाव 'ओस्वेगो चहा'. ओस्वेगो हे ऑन्टारिओ सरोवराकाठचं ठाणं. १७४३ साली फिलाडेल्फियाचे जॉन बार्ट्रम तिथवर गेले आणि तिकडचं बी त्यांनी लंडनच्या पीटर कॉलिन्सन यांना पाठवलं. त्या मुलखात ओनोंडागा, ओनायडा वगैरे सहा जमातींचा हॉदेनोशोनी संघ नांदत होता. या पानांचा उपयोग गोऱ्यांना कळला तो तिथल्या लोकांकडून.

पुढे १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) कंपनीचा चहा पिणं हा देशद्रोह ठरला आणि घरोघर झाडपाल्याचे चहा उकळू लागले. त्यात ओस्वेगो चहाही होता, ही गोष्ट इथल्या बागकामाच्या पुस्तकांत हटकून सापडते. पुस्तकं मात्र तिथेच थांबतात.

त्यानंतर स्वातंत्र्ययुद्धात हॉदेनोशोनी संघ फुटला. ओनायडा आणि टस्करोरा बहुतांशी अमेरिकनांकडे गेले, बाकीचे बहुतेक इंग्रजांकडे. १७७९ च्या एप्रिलमध्ये ओनोंडागांची गावं जाळली गेली. त्याच उन्हाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हुकमावरून जनरल सुलिव्हन फौज घेऊन निघाले. चाळीसहून अधिक गावं बेचिराख झाली, उभा मका जाळला, फळबागा तोडल्या. माणसं नायगाराच्या इंग्रजी किल्ल्याकडे पळाली आणि तिथे तो हिवाळा अनेकांनी उपासमारीत काढला. बोस्टनचा चहा बुडाल्याला तेव्हा सहा वर्षंही झाली नव्हती.

ज्यांच्याकडून चहा शिकलो त्यांचीच पिकं जाळताना कुणाला काही वाटलं असेल का? युद्धात असे हिशोब कुणी ठेवत नसावं. पण नावांनी तो ठेवला आहे. एका नावात न आलेला वैद्य आहे, दुसऱ्यात एक लष्करी ठाणं आहे. ज्यांनी पान ओळखलं ते कुठल्याच नावात नाहीत.

ते इतिहासजमा झाले, असं मात्र समजू नका. सिरॅक्यूस शहराच्या दक्षिणेला ओनोंडागांची वस्ती आजही आहे, आणि आपले प्रमुख ते आजही आपल्याच रीतीने निवडतात.