परिचारिकेची नोंद आणि संगणक : प्रस्तावना

सकाळी ओव्हर देताना रात्रपाळीची सिस्टर पुष्कळ काही सांगते. कुणाचा ताप चढला, कुणाचे इनटेक-आउटपुट बिघडले, कोण रात्रभर बेचैन होता. त्यातले थोडेच केस पेपरवर उतरते. बाकीचे पाळीगणिक विरत जाते. ते टिकावे, पुढच्या हातापर्यंत पोचावे, यासाठी परिचर्या-माहितीशास्त्र उभे राहिले आहे.

विषय नवा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. रुग्णालयांच्या नोंदी एकाच नमुन्यात असाव्यात, म्हणजे तुलना करता येईल, हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा प्रस्ताव १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे आला होता. पुढे अमेरिकेत हॅरिएट वर्ली यांना एक गोष्ट खटकली: रुग्णालयाच्या माहितीत डॉक्टरांचे निदान होते, बिल होते, परिचारिकेने काय केले ते मात्र कुठेच नव्हते. १९८० च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ बाबींचा किमान माहितीसंच मांडला. परिचर्येचे निदान, कृती, परिणाम आणि तीव्रता या त्यातल्या चार बाबी. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा तिथेच आहे.

बेडसोअरचे उदाहरण घ्या. एका पाळीत ‘पाठ लालसर’, दुसऱ्या पाळीत ‘जखम’, तिसरीत नुसतेच ‘ड्रेसिंग केले’ असे लिहिले, तर संगणकाला यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. त्याऐवजी जागा, आकार आणि पायरी लिहिली (दाबल्यावरही न ओसरणारी लाली ही पहिली पायरी), तर जखम वाढते आहे की भरते आहे हे तिसऱ्या दिवशी कुणालाही दिसते, आणि कूस बदलण्याचे वेळापत्रक वेळेत सुधारता येते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने परिचर्येच्या संज्ञांचे वर्गीकरण हाती घेतले ते याच गरजेतून.

भारतात आता वाट मोकळी होत आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यातल्या १४ अंकी आभा क्रमांकामुळे रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमातही हा विषय आला आहे. अडचणी आहेतच. जखमेचा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना चटकन पोचतो, पण तो खासगी मोबाइलमध्ये राहतो आणि रुग्णाच्या नोंदीत येत नाही. रजिस्टर भरून तेच पुन्हा टॅबवर भरायला लावणे तर सरळ अन्याय आहे. तो वेळ खाटेजवळचा असतो.

म्हणून संगणकाची धास्ती वाटणाऱ्या अनुभवी सिस्टरनीही हा अभ्यास आवर्जून करावा. कोणता रकाना सक्तीचा, कोणता मोकळा, ॲलर्जीची सूचना स्क्रीनवर कुठे दिसावी, हे ठरवणाऱ्या बैठकीत परिसेविका हवी, आणि तीही प्रणाली विकत घेण्याआधी.