मुंबई विमानतळावरून शहरात जायला गाडी ठरवताय? पैसे पाठवण्याआधी हे वाचा

खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, गुहागर या तालुक्यांतली बरीच माणसे आखातात नोकरीला आहेत. सुट्टीवर येताना विमान मुंबईत उतरते आणि बहुतेक वेळा ते मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे. तिथून दादर, सीएसएमटी किंवा पनवेल गाठायचे, मग रेल्वे नाहीतर एसटी. कुणी रात्रीपुरते परळ, भायखळ्याच्या नातेवाईकांकडे उतरते. विमानतळ ते शहर हा तुकडा जेमतेम तासाभराचा, पण फसवणूक आणि भांडणे सगळ्यात जास्त इथेच होतात. गाडी ठरवणारा गावात, येणारा विमानात आणि ड्रायव्हर मुंबईत, तिघांचे बोलणे फोनवर अर्धवट झालेले. त्यात येणारी आई किंवा लहान मुले घेऊन येणारी बाई असेल तर रात्री दोन वाजता रस्त्यावर उभे राहण्याची वेळ कुणावर यायला नको.

आधी विमानतळ कुठला ते बघा

"मुंबई एअरपोर्ट" एवढे सांगून आता भागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन इमारती आहेत. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, तिथे फक्त देशांतर्गत विमाने. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहारला, तिथे परदेशातली सगळी आणि देशातलीही बरीच विमाने येतात. विमानतळ एकच असला तरी रस्त्याने दोन्ही इमारतींत चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे. एका टर्मिनलवर प्रवासी आणि दुसऱ्यावर गाडी असे झाले की वेटिंगचे पैसे कुणी द्यायचे यावरून वाद सुरू.

आता त्यात नवी मुंबई विमानतळाची भर पडली आहे. पनवेल तालुक्यात उलव्याजवळचा हा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. कोकणात येणाऱ्याला तो सोयीचा, कारण पनवेल तिथून जवळ. पण गाडी सहारला पाठवली आणि विमान उलव्याला उतरले तर सगळाच घोळ. तिकिटावर बघायला सोपी खूण आहे. जुन्या मुंबई विमानतळासाठी बी-ओ-एम ही तीन इंग्रजी अक्षरे असतात, नवी मुंबईसाठी एन-एम-आय. टर्मिनलचा आकडाही तिकिटावर छापलेला असतो. ड्रायव्हरला तोंडी सांगू नका, तिकिटाचा तेवढा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पासपोर्ट नंबर, पीएनआर नंबर झाकून घ्या, त्याचे ड्रायव्हरला काही काम नाही.

"१५ तारखेच्या रात्री" म्हणजे नक्की कधी?

सगळ्यात जास्त गोंधळ या एका वाक्याने होतो. कुवेतहून १४ तारखेला रात्री साडेनऊला विमान सुटले. कुवेतची वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे, प्रवास साधारण चार तासांचा. म्हणजे मुंबईत उतरायला पहाटेचे चार, आणि तारीख १५. तिकिटावर सुटण्याची वेळ तिकडची आणि पोहोचण्याची इकडची असते, शेजारी बारीक अक्षरात अधिक एक असे लिहिलेले असते. ते बघितले नाही की घरचे लोक १४ तारखेची गाडी सांगतात आणि ती चोवीस तास आधी जाऊन उभी राहते. उलटही होते. "१५ च्या रात्री १ वाजता" असे सांगितले की काही ड्रायव्हर १५ तारीख संपल्यानंतरची रात्र धरतात, आणि गाडी एक दिवस उशिरा येते.

म्हणून सांगताना दोन्ही तारखा आणि वार घाला. "१४ तारीख मंगळवार संपून १५ तारीख बुधवार सुरू होईल, त्या पहाटे चार वाजता" असे लिहिले की शंका राहत नाही. लांबलचक वाटते, पण कामाचे आहे. सौदी आणि कतारची वेळही भारतापेक्षा अडीच तास मागे, दुबई-अबुधाबीची दीड तास.

विमान उतरले म्हणजे माणूस बाहेर आला असेही नाही. पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, कस्टम यात तास-दीड तास सहज जातो. गाडी विमानाच्या वेळेवर लावायची की प्रवाशाने बाहेर येऊन फोन केल्यावर, आणि थांबण्याचे किती तास भाड्यात धरलेत, हे आधी विचारा. विमान लेट झाले तर काय, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. विमानाचा नंबर दिला की ड्रायव्हर मोबाईलवर विमान कुठवर आले ते बघू शकतो.

भाडे किती व्हावे?

प्रायव्हेट गाडीला मीटर नसतो, त्यामुळे तुलनेसाठी काळी-पिवळीचा सरकारी दर माहीत असलेला बरा. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे असे ठरले. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत पंचवीस टक्के जास्त. सहार ते दादर अंदाजे १४ किलोमीटर धरले तर मीटरचा हिशेब तीनशेच्या आत-बाहेर येतो, मध्यरात्री साडेतीनशेच्या वर. सीएसएमटी सुमारे २५ किलोमीटर, दिवसा सव्वापाचशेच्या आसपास आणि मध्यरात्री साडेसहाशे. पनवेल साधारण ४० किलोमीटर. प्रीपेड काउंटरची पावती, सामानाचे पैसे, एसी हे धरून रक्कम वाढते. आधी ठरवलेली प्रायव्हेट गाडी याहून महाग पडणारच, कारण ती रिकामी येते, पार्किंगचे पैसे भरते, थांबते. दीडपट, दुप्पट भाडे रात्रीच्या वेळी आणि मोठ्या गाडीला समजू शकते. पण दादरला जायचे दोन-अडीच हजार कुणी मागत असेल तर सरळ दुसरीकडे विचारावे.

रिक्षाचे एक लक्षात ठेवा. विमानतळाजवळ रिक्षा मिळते, पण ती वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात जात नाही. दादर, परळ, सीएसएमटीला रिक्षाने जाता येत नाही, कुणी "सोडतो" म्हणाला तरी तो मध्येच उतरवणार.

टोलवरून होणारी भांडणे तर नेहमीचीच. वाशी, ऐरोली, मुलुंड, आनंदनगर आणि दहिसर या मुंबईत शिरण्याच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल नाही. त्यामुळे कारने पनवेलला जाताना "वाशीचा टोल वेगळा" असे कुणी सांगितले तर देऊ नका. अटल सेतूला मात्र टोल आहे. जानेवारी २०२४ मध्ये सेतू सुरू झाला तेव्हा कारला एका बाजूचा २५० रुपये दर ठरला. सहारहून पनवेलला जाणाऱ्याला सेतूवरून जायची गरजच नसते, रस्ता सायन-पनवेल हायवेचा आहे. ड्रायव्हर सेतूवरून नेतो म्हणाला तर टोल कुणाचा हे गाडी सुरू होण्याआधी ठरवा.

गावची गाडी की मुंबईची?

अनेक घरांतून गावचीच गाडी पाठवतात. ओळखीचा माणूस, सामान थेट दारात. पण हिशेब जाऊन-येऊन लागतो. चिपळूणहून मुंबई एका बाजूने सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे ५०० किलोमीटरचे भाडे. किलोमीटरला १४ रुपये ठरले असे समजा, तर सात हजार झाले, शिवाय पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, वाटेतला टोल आणि जेवण. चार-पाच माणसे आणि भरपूर सामान असेल तर हे परवडते. एकटा माणूस, दोन बॅगा असे असेल तर शहरापर्यंत गाडी आणि पुढे कोकण रेल्वे हेच स्वस्त. आणखी एक गोष्ट बघायला हवी. गावचा ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी निघाला, रात्रभर जागला आणि पहाटे परत घाटरस्त्याला लागला, तर त्याला झोप कधी मिळणार? गाडी ठरवताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला आधी पोहोचून चार तास झोपायला सांगा, त्यासाठी दोन-तीनशे जास्त द्यावे लागले तरी द्या.

पाटीचा रंग तपासा. भाड्याने चालवायच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरे असतात. इलेक्ट्रिक टॅक्सी असेल तर हिरवी पाटी, पिवळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची गाडी घरगुती वापराची. ती भाड्याने चालवणे नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याचा वापर म्हणून दावा नाकारू शकते. ओळखीतल्या ओळखीत पांढऱ्या पाटीच्या गाड्या सर्रास जातात हे सगळ्यांना माहीत आहे. दोनशे-पाचशे वाचतात, धोका मात्र आत बसलेल्या माणसाचा असतो. गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला की विमा आणि फिटनेसची मुदत दिसते.

गुगलवरचा पहिला नंबर

"मुंबई एअरपोर्ट टॅक्सी" असे शोधले की वर येणारे नंबर खरेच असतील असे नाही. पैसे देऊन जाहिरात कुणीही टाकू शकतो, भामटेसुद्धा. पद्धत ठरलेली. भाडे बाजारापेक्षा कमी सांगतात, गाडीचा छान फोटो पाठवतात आणि "बुकिंग पक्के करायला फक्त १०१ रुपये या लिंकवर भरा" म्हणतात. रक्कम छोटी असल्याने माणूस विचार करत नाही. लिंकवर कार्डाचा नंबर आणि ओटीपी टाकला की खात्यातले पैसे जातात. काही जण एपीके फाईल पाठवून अ‍ॅप टाकायला लावतात, त्यातून मोबाईलचे मेसेज त्यांच्याकडे वळतात. "रिफंड पाठवतो, पिन टाका" असेही सांगतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

अ‍ॅडव्हान्स द्यायचाच तर थोडा द्या, बाकीचे पोहोचल्यावर. अनोळखी माणसाला पूर्ण भाडे आधी देऊ नये. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, तासाभरात तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. गाडी आली नाही आणि अ‍ॅडव्हान्स परत देत नाहीत अशा तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

बोलणे झाले की सगळे एका मेसेजमध्ये लिहून ड्रायव्हरला पाठवा आणि त्याच्याकडून "ओके" घ्या. असा मेसेज पुरतो:

"बुधवार १५ तारीख पहाटे ४ वाजता, टर्मिनल २ सहार, कुवेतचे विमान, विमान नंबर अमुक. एक माणूस, तीन मोठ्या बॅगा. दादर स्टेशन पूर्वेपर्यंत. पार्किंग, टोल धरून एकूण इतके रुपये. दोन तास वेटिंग फुकट. ५०० अ‍ॅडव्हान्स दिले, बाकी उतरल्यावर. गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल पाठवा."

बॅगांचा आकडा विसरू नका. डिकीत सीएनजीची टाकी असलेल्या छोट्या गाडीत तीन मोठ्या बॅगा मावत नाहीत, आणि मग रात्री दुसऱ्या गाडीचे पैसे.

येणाऱ्या माणसाचे भारतातले सिम रिचार्ज संपलेले असते. बाहेर आल्यावर फोनच लागत नाही. घरच्यांनी आदल्या दिवशी रिचार्ज मारून ठेवावे आणि ड्रायव्हरचा नंबर प्रवाशाने कागदावर लिहून खिशात ठेवावा. भेटायची जागा ठरवताना नुसते "गेटवर" म्हणू नका. पार्किंग वाचवायला काही ड्रायव्हर "वर या, डिपार्चरला" म्हणतात, वयस्कर माणसाला सामान घेऊन ते जमत नाही. आणि इमारतीबाहेर आल्यावर तिकिटाशिवाय परत आत सोडत नाहीत. गाडी आल्याचे कळेपर्यंत आतच थांबलेले बरे, तिथे बसायला जागा आणि स्वच्छतागृह असते. बाहेर "टॅक्सी, टॅक्सी" करत बॅगेला हात घालणाऱ्याबरोबर जाऊ नका. ठरलेली गाडी आलीच नाही तर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर गाठा, पावती मिळते आणि भाडे आधीच ठरते.

बाई किंवा मुलगी एकटी असेल तर गाडीत बसण्याआधी पाटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकावा, लाईव्ह लोकेशन चालू ठेवावे. ड्रायव्हरसमोरच घरी फोन करून "बसले, गाडी नंबर अमुक" असे सांगावे. अडचण वाटली तर ११२.

विमान सकाळी सहानंतर उतरत असेल आणि सामान हलके असेल तर गाडीची गरजही नाही. मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे तीन नंबरची ॲक्वा लाईन, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ला तिची स्वतंत्र स्थानके आहेत, पुढे दादर आणि सीएसएमटीही याच मार्गावर. पूर्ण मार्गाचे जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये. रात्री मेट्रो बंद असते, त्यामुळे पहाटे चारच्या विमानाने येणाऱ्याला एकतर गाडी नाहीतर सकाळपर्यंत टर्मिनलमध्ये बसणे.