कर्तव्य नावाचा जुना शब्द

‘नागरिकांची कर्तव्ये’ असा फलक कुठं दिसला की मी आधी संशयानं बघतो. हा शब्द आपल्या घरात नवा नाही. माझा पणजा मेहकरकडच्या एका गावात येसकर होता. मेलेलं ढोर ओढणं त्याचं कर्तव्य. मयताचा सांगावा कोसाकोसावर पोचवणं त्याचं कर्तव्य. सरकारी साहेब आला की त्याचं ओझं डोक्यावर घेणं, हेही कर्तव्यच. आणि हक्क? शिळी भाकर, तीही दाराबाहेर उभं राहून मागायची. याला गाव महारकी म्हणत होतं. धर्माचा शिक्का होताच वर.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा अर्ध्यात सुटली, पुस्तकं नंतर वाचली, पाळी संपल्यावर. त्यातून जे समजलं ते लिहितो.

27 जानेवारी 1919 ला बाबासाहेब साउथबरो कमिटीपुढं उभे राहिले. वय 27. आपल्यातल्या पुष्कळांएवढंच! मत कोणाला द्यायचं हे ती कमिटी ठरवत होती. त्या काळी मत म्हणजे वावरवाल्याचं, सारा भरणाऱ्याचं. येसकराजवळ वावर कुठून येणार? बाबासाहेबांनी सांगितलं, अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा, आमचे प्रतिनिधी आम्हाला निवडू द्या. पुढं 1928 मध्ये सायमन कमिशनपुढं त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला. अडाण्याच्या हातात मत कशाला, असं म्हणणारे शहाणे तेव्हा कमी नव्हते. आजही आहेत, फक्त हळू बोलतात.

आमच्या खामगावला इंग्रजानं 1870 साली जलंबपासून आगगाडीचा फाटा आणला. कशासाठी? कापसाच्या गाठींसाठी. उद्घाटनाला खुद्द लॉर्ड मेयो आला होता. गाठीला वाट मिळाली. ती गाठ उचलणाऱ्या माणसाला मत मिळायला पहिली सार्वत्रिक निवडणूक, 1951-52, उजाडावी लागली. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात होता. बुलढाणा-अकोला हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. आजी सांगते, पणजा शाई लागलेलं बोट आठ दिवस लोकायले दाखवत फिरत होता. “पाटलाच्या बोटाले बी हेच लागलं,” म्हणे. त्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत हरले. 1954 ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. ज्यानं सगळ्यांना मत मिळवून दिलं त्यालाच मतांनी पाडलं. हे दुखतं. पण त्यांनी पेटी फोडा म्हणून सांगितलं नाही.

आता कर्तव्याकडं येतो. 26 जानेवारी 1950 ला अमलात आलेल्या संविधानात कर्तव्यांची यादी नव्हती. हक्क होते, आणि हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचं कलम 32 होतं. त्यालाच बाबासाहेब संविधानाचा आत्मा मानत. मग यादी आली कधी? आणीबाणीत! 25 जून 1975 ला आणीबाणी लागली. एप्रिल 1976 मध्ये सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणी असेतोवर अटकेतल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. त्याच वर्षी स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीवरून 42 वी घटनादुरुस्ती झाली आणि 3 जानेवारी 1977 पासून कलम 51-अ लागू झालं. दहा कर्तव्यं. अकरावं, मुलाला शिकवण्याचं, 2002 ला जोडलं. कर भरणं हे कर्तव्य समितीनं सुचवलं होतं, ते मात्र गाळलं. कोणाच्या सोयीसाठी, ते तुम्हीच ओळखा.

पण यादी वाईट आहे असं मी म्हणत नाही. वैज्ञानिक दृष्टी, मानवता, चौकसपणा, सुधारणा हे त्यात आहे; बाईच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडा, हेही आहे. हे आपलंच बोलणं आहे. माझं भांडण वेळेशी आहे. लोक जेलात असताना त्यांना कर्तव्य शिकवत होते.

आणि त्या लोकांनी काय केलं? अडीच महिन्यांत, मार्च 1977 ला, निवडणूक झाली. बुलढाणा मतदारसंघ तेव्हा राखीव होता. इथून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गवई निवडून गेले. मत देणं त्या दहा कर्तव्यांत कुठं लिहिलेलं नाही, तरी लोकांनी दिलं.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. आपण ते भाषण जयंतीला लाऊडस्पीकरवर लावतो आणि त्याच मांडवात पुढाऱ्याला हार घालतो. हे मी माझ्यासकट म्हणतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. गावात ग्रामसभा होती. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी ते लागतात. आपल्या वस्तीतून गेले चार. बाकी कोणी मजुरीला, कोणी मॅच पाहायला. मी गिरणीत, सुटी मागितलीच नव्हती. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे आमच्यातल्या कोणाले ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते बरोबर दुसऱ्या दिवशी हजर. वस्तीच्या नालीचा विषय मागं पडला, रस्ता दुसऱ्याच आळीत गेला. सही-शिक्क्यानं, कायदेशीर. कोणावर केस करणार?

आजी म्हणाली, “तुह्या पणज्याले बोलावत नव्हते म्हणून तो गेला नाही. तुले तं बोलावलं होतं ना रे?”

मी उत्तर दिलं नाही. या 26 जानेवारीला पुन्हा ग्रामसभा आहे. रात्रपाळी करून सकाळच्या एसटीनं निघेन. अर्ज लिहून ठेवला आहे, नालीचा. मागच्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कलही मागितली आहे. वस्तीतल्या पोरांची नावं लिहून काढली, एकशेतीस भरली. आतापर्यंत बावीस जणांशी बोललो.