चौथं नाव: मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंतले वादक

चित्रपटसंगीताचा इतिहास आपण साधारणपणे तीन नावांत सांगतो: गीतकार, संगीतकार, गायक. रेकॉर्डच्या लेबलवर फार तर तेवढंच छापलेलं असायचं. आज मला चौथ्या मंडळींबद्दल बोलायचंय, म्हणजे १९५० आणि ६० च्या दशकांत मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या वादकांबद्दल. त्यांची नावं आली नाहीत म्हणून आपण हळहळतो, ते योग्यच आहे. पण ते नेमकं काय करत होते, हे फारसं कोणी सांगत नाही.

सुरुवात गोव्यात करावी लागते. पोर्तुगीज काळात तिथं चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळा होत्या. तिथला संगीतशिक्षक मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गायला शिकवायचा, बहुतेकदा व्हायोलिनही हातात द्यायचा. हेतू एवढाच, की रविवारच्या प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण गावात पोट भरेना, तेव्हा हीच मुलं बोटींवर, संस्थानिकांच्या बँडमध्ये, मुंबई-कलकत्ता-लाहोरच्या हॉटेलांत वाजवायला गेली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ट्रंपेट वाजवत 'चिक चॉकलेट' झाले आणि पुढे सी. रामचंद्रांकडे आले. सेबॅस्टियन डिसोझा लाहोरला होते, फाळणीनंतर मुंबईत आले. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा झाल्यावर हॉटेलांतली कामं आटू लागली. सिनेमाला मात्र मोठमोठे वाद्यवृंद हवे होते.

आता गंमत बघा. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार. ती कागदावर उतरवायची, मधले तुकडे बांधायचे, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा काढायचा, हे काम ॲरेंजरचं. नुसतं उतरवून भागत नाही. आपल्या रागसंगीतात एका वेळी एकच सुरावट चालते. तिच्याखाली पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड लावायला गेलं, की रागाबाहेरचा एखादा स्वर घुसतो आणि चालीचा रंगच उडतो. यावर सेबॅस्टियन यांच्यासारख्या ॲरेंजरनी फार सुंदर तोड काढली. गायिका गात असताना व्हायोलिनं मागून वेगळीच सुरावट गातात. गाण्याला अडवत नाहीत, त्याच्याशी बोलतात. शंकर-जयकिशन यांची कितीतरी गाणी आपल्याला 'भरलेली' वाटतात ती यामुळे.

त्याच खोलीत दुसऱ्या जातकुळीचे लोकही होते. ढोलक, तबला वाजवणाऱ्या अनेकांना कागद लागतच नसे. त्यांचं सगळं कानावर आणि हातावर. दत्ताराम वाडकर हे शंकर-जयकिशन यांचे सहायक. त्यांच्या ठेक्याला आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात. सतार-बासरीवाले सरगम वहीत टिपून घ्यायचे. म्हणजे एकीकडे स्टाफ नोटेशन, दुसरीकडे देवनागरीतली सरगम, तिसरीकडे नुसती आठवण, आणि तिघांनी समेवर एकत्र यायचं.

तेही पहिल्याच झटक्यात! कारण आवाज एकाच ट्रॅकवर घेतला जाई. गायक आणि वादक एकाच वेळी गाणार-वाजवणार, नंतर जोडायची सोय नाही. मायक्रोफोन मोजकेच, म्हणून तोल माणसांच्या अंतरावर साधायचा. ट्रंपेट मागे, बासरी पुढे. शेवटच्या अंतऱ्यात एका व्हायोलिनवाल्याचा गज घसरला, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आणि हा कागद त्यानं बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलेला! मैफलीत चूक झाली तर ती हवेत विरते. इथं ती कायमची राहणार.

मोठमोठे कलावंत या कामाला आलेले आहेत. 'गाइड'मधल्या 'मोसे छल किये जाय'चा तबला पंडित शिवकुमार शर्मांनी वाजवला आहे. हो, संतूरवाले शर्मा, पण इथं तबल्यावर.

अलीकडे एक मत जोरात मांडलं जातं, की खरी गाणी ॲरेंजरांनीच केली, संगीतकार फक्त गुणगुणायचे. मला हे पटत नाही. सेबॅस्टियन यांनी ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही काम केलं आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठीही. लेखणी तीच, पण दोघांचं संगीत एकमेकांसारखं वाटतं का? संगीतकाराला काय हवंय हे ओळखून स्वतःची ओळख मागे ठेवणं, हासुद्धा त्या कौशल्याचाच भाग होता. त्याचा पुरावा मात्र फार थोडा उरलाय. बहुतेक कागद कुणी जपले नाहीत. ध्वनिमुद्रण हाच आपला दस्तऐवज.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि ॲरेंजर. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतः वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. पुढे ते अमेरिकेला गेले आणि सिनेमापासून दुरावले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यामुळे त्यांचं नाव देशभर झालं. पण गंमतीचं नाव म्हणून. हा खराखुरा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होतं?

बरं, आता 'आराधना'तलं 'रूप तेरा मस्ताना' लावतो. अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं आहे. या वेळी किशोरकुमारांना थोडं बाजूला ठेवा आणि दोन ओळींच्या मधे अकॉर्डियन काय करतंय, तेवढंच ऐका.